हिशोब चुकता

पाचोडच्या घराचं काम गेल्या महिन्यात एकदाचं संपलं. (ज्या नातेवाइकांना अजून फोटो मिळाले नाहीत त्यांनी रागावू नये, पाठवतो.) मागच्या बाजूचं माळवद दर पावसाळ्यात गळायचं. ते उतरवून तिथे दोन खोल्या आणि वर स्लॅब, एवढंच काम. पण आजची पोस्ट घराबद्दल नाही, एका कागदाबद्दल आहे.

झालं असं की काम संपत आलं तेव्हा कॅलिफोर्नियातल्या भाच्याचा फोन आला. तो तिकडे एका बांधकाम कंपनीत आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मामा, मिस्त्रीकडून लीन वेव्हर घेतला का?"

"म्हणजे काय रे?"

"त्याचं आता काही येणं राहिलेलं नाही, असं लिहून घ्यायचं. नाहीतर उद्या तो घरावर बोजा चढवेल."

बोजा म्हटल्यावर मी सरसावून बसलो. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असला की काय होतं ते आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी पडलो गणिताचा मास्तर, कागद केला की मला बरं वाटतं. त्याच संध्याकाळी टाइप करून टाकलं: 'सदर बांधकामाची संपूर्ण रक्कम मला मिळाली असून यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही.' खाली मिस्त्रींचं नाव आणि सहीसाठी रेघ.

आता खरं सांगायचं तर मिस्त्रींचे साठ हजार अजून द्यायचे होते. माझी एक एफडी पुढच्या महिन्यात मोकळी होणार होती, त्यातून द्यायचं ठरलं होतं. पण मी सोमवारी पुण्याला परतणार, मग पुन्हा पाचोडला कधी येणं होतंय... म्हणून सही आत्ता आणि पैसे नंतर. मला यात काही वावगं वाटलं नाही. मी कुठे पळून जाणार होतो?

मिस्त्रीकाका आता पासष्टीच्या पुढे आहेत. हातात थापी धरत नाहीत, काम मुलगा बघतो. पण भिंत उभी राहिली की ओळंबा लावायला स्वतः येतात. त्यांनी कागद घेतला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचल्यासारखं केलं, आणि पेन मागितलं.

"पैसे पुढच्या महिन्यात टाकतो काका, खात्यावर."

"बरं भाऊ." सहीला वाकता वाकता ते सहज म्हणाले, "अण्णांच्या वेळी पण असंच होतं. आधी मस्टरवर सह्या, मग पैसे. दोन दिवाळ्या गेल्या. पण दिले अण्णांनी. दिले."

त्या दुसऱ्या 'दिले'पाशी मी अडकलो. म्हटलं, "राहू द्या काका, उद्या करू." त्यांनी पेन परत दिलं, चहा घेतला आणि गेले.

रात्री आईला विचारून अण्णांची पेटी उघडली.

*

आमचे अण्णा म्हणजे वडील. घरातले सगळे ओळखतात, पण इतरांसाठी सांगतो. आधी गवंडी, मग मिस्त्री, आणि पुढे छोटे ठेकेदार. लायसनवाले नव्हेत. मोठ्या ठेकेदाराने काम घ्यायचं आणि अण्णांसारख्यांनी ते करायचं. त्याला आता सब-काँट्रॅक्टर म्हणतात, तेव्हा नुसतं 'पोटठेका' म्हणत.

१९८९ साली मी दहावीत होतो. शहरातल्या एका मोठ्या ठेकेदाराकडून अण्णांना दोन खोल्यांचं काम मिळालं होतं. आमच्या भागातली जमीन तुम्हाला माहीत आहे, काळी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर पाया ठेवला की भिंतीही तिच्याबरोबर हलतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदत जायचं, हा साधा नियम. अंदाजपत्रकात पाया चार फूट धरला होता. प्रत्यक्षात मुरूम लागला नऊ फुटांवर. अण्णांनी विचारलं, काय करू? उत्तर आलं, "करून टाका, एक्स्ट्रामध्ये घेऊ." तोंडी. अण्णांनी करून टाकलं. पाच फुटांची जादा खोदाई आणि तेवढं दगडी बांधकाम, सगळं मिळून १७,४०० रुपये. आज ही रक्कम किरकोळ वाटेल, पण तेव्हा तोळाभर सोनं तीन-सव्वातीन हजारांना मिळत होतं. तुम्हीच हिशोब करा.

पेटीत ती पावती निघाली. कार्बनची कॉपी, घडीवर फाटलेली. 'पूर्ण व अंतिम हिशोब चुकता मिळाला. या कामासंबंधी माझी कोणतीही मागणी राहिली नाही.' रेव्हेन्यू तिकिटावर अण्णांची ती वळणदार सही. त्याच पेटीत बँकेचं पासबुक होतं. मास्तरची खोड, दोन्ही तारखा जुळवून पाहिल्या. पावतीनंतर एकोणीस दिवसांनी चेक जमा झाला होता. आणि रकमेत ते १७,४०० नव्हते.

म्हणजे पैसे मिळाल्याची पावती आधी आणि पैसे नंतर, तेही अपुरे. पुढचं मला अंधूक आठवतं. अण्णा तीन-चार वेळा एसटीने शहरात गेले. दर वेळी एकच उत्तर, "तुम्ही तर लिहून दिलंय." मग, "पुढच्या कामात अॅडजस्ट करू." ते पुढचं काम काही आलं नाही. आईच्या पाटल्या गहाण पडल्या, त्यातून मजुरांचे अर्धे पैसे दिवाळीआधी दिले आणि उरलेले त्याच्या पुढच्या दिवाळीला. पाटल्या सुटल्या नाहीत.

हे सगळं मला थोडंफार माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की मोठ्या ठेकेदाराला दाखवायला अण्णांनीही मजुरांच्या सह्या आणि अंगठे मस्टरवर आधीच घेतले होते. तो मस्टरही पेटीत होता. त्यात मिस्त्रीकाकांची सही होती, तेव्हाची, थरथर नसलेली.

*

सोमवारी मी पुण्याला गेलोच नाही. रजा वाढवली, आणि एका वकील मित्राला फोन करकरून हा विषय समजून घेतला. जे समजलं ते इथे लिहून ठेवतो, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी घर बांधलंय, आणि दोघा-तिघांचा तर धंदाच तो आहे.

आधी भाच्याकडची गोष्ट. 'लीन' म्हणजे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क. सरकारी मराठीत त्याला 'धारणाधिकार' म्हणतात. शब्द जड आहे, पण कल्पना आमच्या मोसंबीवाल्यांना पाठ आहे. व्यापारी बाग बघतो, इसार देतो. फळ झाडावर आहे तोवर शेतकऱ्याचा शब्द चालतो. माल गाडीत भरला आणि गाडी सोलापूर-धुळे हायवेला लागली की शेतकऱ्याच्या हातात उरतो फक्त मोबाइल नंबर. म्हणून शहाणा शेतकरी गाडी हलायच्या आधी पैसे मोजून घेतो.

आता गवंड्याची अडचण बघा. त्याचं फळ झाडावर राहतच नाही. वीट रचली की ती जमिनीची झाली, आणि जमीन मालकाची. सिमेंट एकदा भिजलं की ते परत पोत्यात कसं भरणार? अमेरिकेत यावर उपाय काढला तो १७९१ साली. वॉशिंग्टन हे नवं राजधानीचं शहर बांधायचं होतं, आणि कारागीर यावेत म्हणून मेरीलँड राज्याने कायदा केला की ज्याने इमारतीत कष्ट किंवा माल घातला त्याचे पैसे बुडाले तर त्याचा हक्क त्या इमारतीवरच चढेल. ही पद्धत पुढे सगळीकडे पसरली. कॅलिफोर्नियाने तर ती राज्यघटनेतच घातली आहे. त्यातली खरी गंमत अशी की पोटठेकेदाराचा मालकाशी काहीही करार नसला तरी त्याला हा बोजा चढवता येतो. म्हणजे अण्णांसारख्या माणसालाही!

अर्थात त्याला अटी आहेत. वेळेत नोटीस द्यावी लागते, काम पूर्ण झाल्यावर साधारण नव्वद दिवसांत बोजा नोंदवावा लागतो, आणि पुढच्या नव्वद दिवसांत कोर्टात जावं लागतं. एक दिवस हुकला तरी हक्क गेला. आणि सरकारी इमारतीवर बोजा चढत नाही. शाळेचा लिलाव कोण करणार? तिथे दुसरी सोय आहे. १९३५ च्या एका कायद्याने केंद्र सरकारच्या मोठ्या कामांवर मुख्य ठेकेदाराला एक हमीपत्र द्यावं लागतं. त्याने खालच्यांचे पैसे बुडवले तर ते त्या हमीतून मिळतात.

आता मालकाच्या बाजूनेही बघा. त्याने मुख्य ठेकेदाराला सगळे पैसे दिले, आणि ठेकेदाराने ते खालच्यांना दिलेच नाहीत. मग प्लंबर येऊन घरावर बोजा चढवतो. मालकाला तेच पैसे दोनदा भरायची पाळी. म्हणून तो प्रत्येकाकडून लिहून घेतो की माझे मिळाले, मी हक्क सोडला. हाच तो लीन वेव्हर. तेव्हा कागद मुळात वाईट नाही.

पण मला भाच्याने एक गोष्ट सांगितली नव्हती (त्याला वाटलं मामाला समजेल). कॅलिफोर्नियाच्या कायद्यात या कागदाचे चार नमुने छापून दिलेले आहेत. चालू बिलासाठी दोन, शेवटच्या बिलासाठी दोन. दोन-दोन का, तर एक सशर्त आणि एक बिनशर्त. सशर्त कागद म्हणजे 'एवढ्या रकमेचा चेक प्रत्यक्ष वटला, तरच मी हक्क सोडला.' चेक परत आला तर कागद रद्दी. बिनशर्त कागद मात्र सही केल्या क्षणी लागू होतो, पैसे मिळालेले असोत वा नसोत. म्हणून त्या नमुन्यावर कायद्यानेच सूचना छापायला लावली आहे की पैसे मिळाले नसतील तर यावर सही करू नका, सशर्त नमुना वापरा. शिवाय काम सुरू व्हायच्या आधीच करारात 'मी हा हक्क सोडतो' असं लिहून घेतलं तर ते चालत नाही.

मी मिस्त्रीकाकांपुढे ठेवला तो कागद या चारांपैकी सगळ्यात कडक होता. आणि वर ती सूचनाही नव्हती.

*

आता आपल्याकडचं. इथे जे कळलं त्याने मी जरा हबकलोच.

आपला करार कायदा १८७२ चा. त्यात कलम १७० आहे. एखाद्याने तुमच्या वस्तूवर आपलं कसब लावलं तर पैसे मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवण्याचा त्याला हक्क आहे. कायद्यातच उदाहरणं दिली आहेत. जवाहिऱ्याकडे हिरा पैलू पाडायला दिला, तर मजुरी मिळेपर्यंत हिरा तो ठेवून घेऊ शकतो. शिंप्याला कोटाचं कापड दिलं, तर तसंच. मात्र शिंप्याने 'शिवून झाल्याबरोबर कोट देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या' असं आधीच कबूल केलं असेल तर त्याला कोट अडवता येत नाही.

हिरेवाला आहे, शिंपी आहे. गवंडी नाही! कारण हा हक्क हातात असलेल्या वस्तूवर चालतो, आणि जमिनीत रोवलेली भिंत कुणाच्या हातात येत नाही. अमेरिकेसारखा इमारतीवर बोजा चढवायचा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. आपल्या ठेकेदाराकडे असतो फक्त करार, तोही ज्याच्याशी केला त्याच्यापुरता. पोटठेकेदाराचं मूळ मालकाशी नातंच नाही, त्यामुळे तो एरवी मालकाकडे मागू शकत नाही.

म्हणजे गंमत बघा. तिकडे हक्क आहे, म्हणून तो सोडल्याचा कागद आहे. आपल्याकडे तो हक्क नाही, पण सोडल्याचा कागद मात्र आहे! 'नो क्लेम सर्टिफिकेट', 'अंतिम देयक मान्य', 'हिशोब चुकता'. नावं वेगळी, सही एकच.

मिस्त्रीकाका माझ्या घरावर बोजा चढवूच शकत नव्हते. ज्या भीतीपोटी मी त्यांची सही घेत होतो ती भीती इथे नव्हतीच. सही घेऊन मी त्यांच्याकडून एवढंच काढून घेत होतो, साठ हजार मागायचं तोंड.

मित्राला विचारलं, मग अण्णांचा काहीच इलाज नव्हता का? तो म्हणाला, होता की. आणि हेच मला जास्त लागलं.

त्याच १८७२ च्या कायद्यात कलम ६३ आहे. येणेकरी आपणहून कमी पैशांवर हिशोब मिटवू शकतो. मेख आहे 'आपणहून'मध्ये. सही केल्याशिवाय चेक काढणार नाही, असं दडपण असेल तर ती संमती मोकळी राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे बऱ्याचदा सांगितलंय. २००४ साली एनटीपीसी विरुद्ध रेश्मी कन्स्ट्रक्शन्स या खटल्यात, आणि २००८ साली बोघारा पॉलिफॅब खटल्यात. हा दुसरा खटला विम्याचा होता, सुरतेच्या पुरातल्या मालाचा. कंपनीने पैसे द्यायच्या आधीच 'पूर्ण व अंतिम' म्हणून बिनतारखेच्या कागदावर सही घेतली होती. रक्कम वादात असताना अशी आगाऊ सही घेण्याच्या प्रथेला न्यायालयाने बेकायदा म्हटलं. २०११ साली कलाथिया खटल्यात तर सरळ सांगितलं की ठेकेदाराने 'येणं नाही' असं लिहून दिलं म्हणून त्याची रास्त मागणी फेकून देता येत नाही.

आणि तोंडी सांगितलेलं जादा काम? त्यासाठी कलम ७०. फुकटात करायच्या हेतूने नसलेलं काम कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे केलं, आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. बंगाल सरकारसाठी १९४४ साली एका ठेकेदाराने गोदामं बांधली, कच्चा रस्ता केला, कारकुनांसाठी खोली आणि स्वयंपाकघरही बांधलं. रीतसर करार नव्हता. मंडल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला. अण्णांचा नऊ फुटांचा पाया याच जातीचा. म्हणजे १९८९ साली हे सगळं होतं. फक्त पाचोडच्या एसटी स्टँडवर ते कुणी सांगायला नव्हतं.

पण मित्राने लगेच पाणीही ओतलं. नुसतं 'माझ्यावर दबाव होता' म्हणून भागत नाही. २०११ सालच्याच मास्टर कन्स्ट्रक्शन खटल्यात न्यायालयाने म्हटलंय की मोघम आरोप चालणार नाही, परिस्थिती दाखवून द्यावी लागेल. सही करून चेक घेतला, वर्षभर गप्प बसला आणि मग तक्रार केली, तर कोण ऐकणार? सही केल्यावर चार-आठ दिवसांत लेखी पत्र गेलं पाहिजे. आणि केलेल्या कामाच्या पैशांचा दावा साधारण तीन वर्षांत लावायचा, नाहीतर मुदत गेली. 'पुढच्या कामात अॅडजस्ट करू' हे वाक्य ती तीन वर्षं घालवायलाच शोधलेलं असावं.

मग मी विचारलं ते ४५ दिवसांच्या नियमाबद्दल. २००६ च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. चांगला आहे. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात बांधकामासारखे 'वर्क्स काँट्रॅक्ट' त्यात बसत नाहीत असं धरलं. म्हणजे नुसत्या विटा विकणाऱ्याला त्यात जागा आहे, आणि त्याच विटा रचून देणाऱ्याची मात्र पुन्हा अडचण.

*

हे सगळं जुनंपुराणं आहे असं वाटत असेल तर अलीकडचं सांगतो. २०२५ च्या सुरुवातीला राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी सरकारकडे सुमारे ८९ हजार कोटी रुपये थकल्याचा दावा केला आणि कामं थांबवायची भाषा केली. त्याच वर्षी जुलैमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने आयुष्य संपवलं. जलजीवन योजनेच्या कामाचे पैसे थकले होते, कर्ज झालं होतं, असं जवळच्यांनी सांगितलं. सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर आमच्याकडे बिल नाही, तो उपठेकेदार असेल.

उपठेकेदार असेल... ही बातमी मी पुण्यात पेपरात वाचली होती आणि पान उलटलं होतं. पेटीतली पावती हातात असताना ती पुन्हा आठवली. त्या उत्तरात कायद्याने काही चूक नसेलही. नळाचं पाणी मात्र त्याच्याच पाइपातून आलं असणार.

असो. अण्णा त्यातून निभावले, कारण आईच्या हातात पाटल्या होत्या आणि मिस्त्रीकाकांसारखी माणसं दोन दिवाळ्या थांबली. म्हणजे मोठ्या ठेकेदाराचं थकलेलं बिल शेवटी मिस्त्रीकाकांनी उधार दिलं, बिनव्याजी. अण्णांनी त्यांची सही आधी घेतली ती कुणाला फसवायला नव्हे, वरून मस्टर मागत होते म्हणून. मीही फसवणार नव्हतोच. पण कागदाला आपल्या मनातलं कुठे कळतं? उद्या मला काही झालं असतं तर माझ्या मुलाच्या हातात एवढंच आलं असतं, की मिस्त्रींचे सगळे पैसे दिलेत.

*

दोन दिवसांनी मिस्त्रीकाकांना बोलावलं. आधीचा कागद फाडला होता. एफडी मोडली, थोडं व्याज गेलं. जाऊ दे. नवीन कागद करायला बसलो आणि आधी विचारलं, "काका, ठरल्यापेक्षा जास्तीचं काही काम झालंय का? आठवून सांगा."

ते गप्प. मग मुलाकडे बघून म्हणाले, "टाकीखालचा ओटा... पण राहू द्या भाऊ, घरचंच काम."

टाकीखालचा ओटा! मीच फोनवर सांगितलं होतं, "काका, तेवढं करून टाका, नंतर बघू." अगदी याच शब्दांत. आणि विसरून गेलो होतो. माझा पहिला कागद सही झाला असता तर तो ओटा 'संपूर्ण रक्कम'मध्ये गडप झाला असता. अण्णांच्या त्या मोठ्या ठेकेदाराला मी आयुष्यभर शिव्या देत आलो. आणि आज त्याच्याच जागी बसलो होतो, फक्त ओटा लहान होता. त्याचे ३,८०० रुपये झाले.

मग कागद असा झाला. घर बांधणाऱ्या कुणाला उपयोगी पडला तर घ्या:

'ठरलेल्या कामापैकी बाकी ६०,००० रुपये आणि टाकीच्या ओट्याचे वाढीव ३,८०० रुपये, एकूण ६३,८०० रुपये. पैकी ५३,८०० रुपये खात्यावर जमा झाल्यानंतरच ही त्या रकमेची पावती समजावी. १०,००० रुपये स्लॅबची गळती बघण्यासाठी पहिल्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवले आहेत, ते ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे आहेत. ही रक्कम मिस्त्रींची येणे बाकी आहे.'

खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि प्रत दोघांकडे. एवढंच. वकील लागला नाही.

आणि जे माझ्या बाजूला नाहीत, अण्णांच्या बाजूला आहेत (आपल्यात तसे आहेत, त्यांना कळेल), त्यांच्यासाठी मित्राने सांगितलेलं थोडक्यात: जादा काम सांगितलं की त्याच संध्याकाळी मोबाइलवर लिहून पाठवा, 'तुम्ही आज सांगितल्याप्रमाणे पाया नऊ फूट घेत आहे.' पाया बुजवायच्या आधी टेप लावून फोटो काढा, कारण बुजल्यावर मोजायला कुणी येत नाही. अंतिम बिलावर सही करावीच लागली तर तिच्याशेजारी 'हरकत राखून' हे दोन शब्द लिहा. लिहू देत नसतील तर त्याच आठवड्यात पोस्टाने पत्र टाका. तीन वर्षांची तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. आणि तुमच्या खालच्या माणसाकडून कोरी पावती घेऊ नका.

मिस्त्रीकाकांच्या मुलाच्या मोबाइलवर पैसे आल्याचा मेसेज वाजला, तेव्हा काकांनी आधी तो वाचून घेतला आणि मग सही केली. हात थोडा थरथरला. "असं पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले, "आधी पैसे, मग सही." आम्ही सगळे हसलो. मला ते हसू फार वेळ टिकवता आलं नाही.

ते गेल्यावर आईने विचारलं, एवढं काय चाललं होतं चार दिवस? सांगितलं. अण्णांची पावती तिने हातात घेतली. तिला वाचता येतं, पण वाचली नाही, नुसता त्या तिकिटावरच्या सहीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "त्या दिवशी चेक घेऊन आले तेव्हा जेवले नव्हते. आता ठेव ती पेटीत."

पावती पेटीत ठेवली, आणि माझी नवी प्रत तिच्यावर. ३० सप्टेंबरची आठवण फोनमध्ये लावली आहे. स्लॅब गळला नाही तर दहा हजार जातीलच. विसरलो तर पाचोडच्या नातेवाइकांनी आठवण करून द्यावी, म्हणून तर हे इथे सगळ्यांसमोर लिहिलं.